अनुवादित साहित्याचं प्रकाशन सुरू करताना : पहिल्या पुस्तकापर्यंतची वाट

अनुवादित पुस्तकांचं प्रकाशन सुरू करायचं म्हणून सल्ला विचारायला येणाऱ्यांच्या हातात बहुतेक वेळा एखादं पुस्तक असतं. "हे आपल्या भाषेत यायलाच हवं," असं ते मनापासून सांगतात. त्यावर माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : अनुवाद कोण करणार?

चांगली पुस्तकं जगात भरपूर आहेत. दोन्ही भाषा मुरलेला, वेळ पाळणारा आणि आपल्याशी वाद घालायची तयारी असलेला अनुवादक मात्र शोधावा लागतो, जपावा लागतो. छोट्या प्रकाशनाचा करार, वेळापत्रक, पैसा असं सगळं मी याच माणसाभोवती बांधायला शिकले. खालच्या पायऱ्याही त्याच क्रमाने आहेत.

१. आधी वर्षभर वाचा आणि अहवाल लिहा

प्रकाशनाची नोंदणी, नाव, बोधचिन्ह यांची घाई नको. पहिलं वर्ष वाचन-अहवाल लिहिण्यात घाला. एका पुस्तकावर दोन पानं पुरतात. कथानक दहा ओळींत, भाषेचा पोत कसा आहे, शब्दसंख्या किती, आणखी कोणकोणत्या भाषांत गेलंय, हक्क कोणाकडे असावेत आणि अनुवाद नेमका कुठे अडेल, एवढं लिहायचं. शेवटचा मुद्दा टाळू नका. जिथे अडेल तिथेच पुढे वेळ आणि पैसा जाणार असतो. असे चाळीस-पन्नास अहवाल झाले की आपली आवड नेमकी काय आहे ते आपल्यालाच दिसायला लागतं. प्रस्थापित प्रकाशकांनाही असे अहवाल लागतात. मोबदला थोडा असतो, पण कामाची ओळख होते आणि संपादन विभागातली माणसं जोडली जातात.

एक तरी परकी भाषा वाचण्यापुरती शिका. इंग्रजीवरच विसंबलात, तर इंग्रजीतल्या संपादकांनी आधीच चाळून ठेवलेलंच तुमच्यापर्यंत येईल.

पुरस्कारांच्या अंतिम याद्यांपेक्षा त्याआधीच्या लांब याद्या (लाँगलिस्ट) पाहा, आणि त्याहीपेक्षा लहान प्रकाशनांच्या सूची पाहा. पुरस्कार जाहीर झाला की मोठी प्रकाशनं बोली लावतात. आपल्याला त्याआधी पोचायचं असतं. लंडनच्या फिट्झकाराल्डो एडिशन्सचं उदाहरण मी नेहमी देते. हे प्रकाशन २०१४ साली जाक तेस्तार यांनी सुरू केलं. स्वेतलाना अलेक्सिएविच, ओल्गा तोकार्चुक, आनी एर्नो आणि युन फोसे या चौघांच्या पुस्तकांचे हक्क त्यांनी या लेखकांना नोबेल मिळण्याआधीच घेतले होते. एकदा घडलं तर नशीब म्हणता आलं असतं. चारदा घडलं, कारण ही माणसं गाजावाजा नसलेल्या पुस्तकांकडे लक्ष देऊन वाचत होती.

२. अनुवादक शोधा आणि नमुन्याचे पैसे द्या

पुस्तक मनात पक्कं झालं की दहा-बारा पानांचा नमुना करून घ्या. ही पानं एकाच ठिकाणची नकोत. संवादाची दोन-तीन, वर्णनाची दोन-तीन आणि पुस्तकातली सगळ्यात कठीण वाटलेली बाकीची. नमुना आला की मूळ पुस्तक बाजूला ठेवून आधी तो मोठ्याने वाचा. जीभ जिथे अडखळेल तिथे खूण करा. मूळ संहितेशी ताडून पाहणं ही दुसरी फेरी. काम पुढे गेलं नाही तरी नमुन्याचा मोबदला द्यायचाच. फुकट नमुने मागणाऱ्या प्रकाशकाचं नाव अनुवादकांमध्ये फार लवकर पसरतं, आणि ते योग्यच आहे.

अनुवादकाशी लेखी करार करा. मानधन शब्दांवर किंवा पानांवर, तीन हप्त्यांत : सही होताना, पहिला खर्डा आल्यावर आणि अंतिम संहिता मान्य झाल्यावर. त्याशिवाय विक्रीवर थोडी का होईना, रॉयल्टी. अनुवादाचा कॉपीराइट अनुवादकाच्या नावावर. मजकुरात मोठा बदल त्याच्या संमतीशिवाय नाही. आणि नाव मुखपृष्ठावर. युनेस्कोने १९७६ साली नैरोबीत स्वीकारलेल्या शिफारशीत अनुवादकाचं नाव पुस्तकाच्या प्रत्येक प्रतीवर ठळक जागी असावं, असं म्हटलं आहे. तरीही २०२१ साली जेनिफर क्रॉफ्ट यांना, म्हणजे तोकार्चुक यांच्यासारख्या लेखिकेच्या अनुवादिकेला, 'मुखपृष्ठावर नाव नसेल तर मी अनुवाद करणार नाही' अशी जाहीर भूमिका घ्यावी लागली. इंटरनॅशनल बुकर हे इंग्रजीत अनुवादित साहित्यासाठीचं पारितोषिक २०१६पासून दर वर्षी एका पुस्तकाला दिलं जातं आणि त्याची ५०,००० पौंडांची रक्कम लेखक व अनुवादक यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाते. लहान प्रकाशकाला एवढी रक्कम देता येत नाही. नाव छापणं मात्र पूर्णपणे त्याच्या हातात आहे.

वेळेचा अंदाज बांधताना हात सैल सोडा. ८०,००० शब्दांची कादंबरी रोज हजार शब्दांच्या गतीने घेतली तरी पहिल्या खर्ड्याला कामाचे ८० दिवस लागतात. फेरलेखनाला जवळपास तेवढेच. अनुवादकाला पोटापाण्याचं दुसरं काम असतं, आजारपण असतं, घर असतं. वर्ष धरा.

मूळ भाषेतून थेट अनुवाद करणारं कोणी मिळत नसेल, तर मधल्या भाषेवरून करायची वेळ येते. त्यात कमीपणा काही नाही, पण दोन पथ्यं पाळा. पहिलं, मधला अनुवाद अखंड आहे का ते तपासा. सिमोन द बोव्हुआर यांच्या १९४९ सालच्या 'द सेकंड सेक्स'चा १९५३ साली आलेला इंग्रजी अनुवाद बराच कापलेला होता; अखंड इंग्रजी अनुवाद यायला २००९ साल उजाडलं. मधल्या काळात त्या इंग्रजीवरून कोणी अनुवाद केला असता, तर कापलेला भाग कापलेलाच राहिला असता आणि वाचकाला पत्ताही लागला नसता. म्हणून प्रकरणं मोजा, परिच्छेद मोजा, मूळ भाषा येणाऱ्या माणसाकडून निदान पाच ठिकाणं ताडून घ्या. दुसरं पथ्य हक्कांचं आहे, ते पुढे येईलच.

३. हक्क कोणाकडे आहेत ते शोधा

पुस्तकाच्या कॉपीराइटच्या पानापासून सुरुवात करा. अनुवादाचे हक्क लेखकाकडे, मूळ प्रकाशकाच्या परदेशी हक्क विभागाकडे किंवा साहित्यिक एजंटकडे असतात. इंग्रजी आवृत्तीच्या प्रकाशकाकडे ते असतीलच असं नाही. त्याने फक्त इंग्रजीपुरते हक्क घेतलेले असू शकतात. नवखे इथेच चुकीच्या दारावर महिने घालवतात.

लेखक जाऊन बरीच वर्षं झाली असतील, तर मुदत तपासा. १८८६च्या बर्न करारानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं संरक्षण मिळतं. अनेक देशांत ही मुदत ७० वर्षं आहे, काही ठिकाणी ६०. जिथे प्रकाशित करणार तिथला कायदा पाहायचा. इथेच ते दुसरं पथ्य : मूळ पुस्तक मुक्त झालं असलं तरी अनुवादाला स्वतःचा वेगळा कॉपीराइट असतो. शंभर वर्षांपूर्वीच्या रशियन कथा तुम्ही गेल्या दशकातल्या इंग्रजी अनुवादावरून करणार असाल, तर त्या इंग्रजी अनुवादाची परवानगी लागेल.

हक्क मागणारं पत्र एका पानाचं असावं. तुम्ही कोण, कुठल्या भाषेत काढणार, अनुवादक कोण आणि त्याने आधी काय केलं आहे, किती प्रती, अंदाजे किंमत किती, कधीपर्यंत, आणि हेच पुस्तक का. पहिल्या पुस्तकाच्या वेळी दाखवायला यादी नसते, म्हणून शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मन लावून लिहा. माझ्या पहिल्या पत्राला उत्तर यायला तीन महिने लागले, मध्ये दोन स्मरणपत्रं गेली. त्याचा राग धरायचा नाही. महिन्याने एक सभ्य आठवण, एवढा शिरस्ता ठेवा.

फ्रँकफर्टचा पुस्तकमेळा दर ऑक्टोबरमध्ये भरतो, लंडनचा आणि बालसाहित्यासाठी बोलोन्याचा वसंतात. तिथल्या भेटी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या असतात आणि आठवडे आधी ठरतात. पहिल्या पुस्तकासाठी तिथे जायची गरज नाही. चार-पाच पुस्तकं झाली की मात्र जा. समोरासमोर बसून मिळणारी "हे तुम्हाला आवडेल" अशी शिफारस पत्रातून मिळत नाही.

४. कराराची प्रत्येक ओळ वाचा

भाषेचे एकमेव हक्क हवेत, म्हणजे त्या भाषेत मुदतीत दुसरं कोणी ते पुस्तक काढणार नाही. मुदत साधारण पाच ते सात वर्षांची असते. सातच्या बाजूने बोला, कारण पहिलं दीड वर्ष अनुवादातच जातं. ई-पुस्तक आणि श्राव्य आवृत्तीचे हक्क आत्ताच मागा, नंतर ते वेगळे विकत घ्यावे लागतात. मुखपृष्ठाला पूर्वसंमती लागणार असेल, तर किती दिवसांत उत्तर देणार तेही लिहून घ्या. हल्ली अनेक करारांत यंत्राने केलेला अनुवाद चालणार नाही, असं कलम असतं. ते अनुवादकालाही दाखवा.

सगळ्यात जपायचं कलम म्हणजे प्रसिद्धीची शेवटची तारीख. सहीपासून १८ किंवा २४ महिन्यांत पुस्तक आलं नाही, तर हक्क परत जातात आणि हक्कधारकाला दिलेली आगाऊ रक्कमही बुडते. माझ्या एका पुस्तकाची मुदत १८ महिन्यांची होती. अनुवाद निम्मा झाला असताना अनुवादकाच्या घरी गंभीर आजारपण आलं. मी मुदतवाढ मागितली ती शेवटच्या पंधरवड्यात, आणि समोरच्या कार्यालयातली हे प्रकरण पाहणारी व्यक्ती तेव्हा बदललेली होती. पुस्तक हातचं गेलं नाही, पण दुसऱ्यांदा पैसे भरून. तेव्हापासून मुदतीच्या सहा महिने आधीची तारीख मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लाल शाईने लिहिते आणि शंका आली की त्याच दिवशी पत्र टाकते.

आगाऊ रकमेचा हिशोब बहुधा पहिल्या आवृत्तीवरून निघतो : प्रती गुणिले किंमत गुणिले रॉयल्टीचा टक्का, आणि त्याच्या निम्म्याच्या आसपास. ही रक्कम पुढच्या रॉयल्टीतून वळती होते. परदेशी पैसे पाठवताना बहुतेक ठिकाणी कर कापावा लागतो. दोन देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार असेल, तर हक्कधारकाकडून कर-रहिवासाचा दाखला, म्हणजे तो कुठल्या देशाचा करदाता आहे याचा कागद, सहीच्या वेळीच मागवून ठेवा. पैसे पाठवायच्या दिवशी तो मागितला की महिना जातो आणि आपल्याबद्दल नाहक शंका निर्माण होते.

५. हिशोब कागदावर मांडा

चलन कुठलंही असो, छापील किंमत १०० धरा. वितरक आणि दुकान मिळून ४५ घेतील असं समजू. तुमच्याकडे ५५ येतात. छपाई-बांधणीचे प्रतीमागे २२, लेखकाची रॉयल्टी ७ आणि अनुवादकाची ३. हजार प्रती छापल्या आणि सगळ्या विकल्या, तर ५५,००० मधून छपाईचे २२,००० आणि रॉयल्टीचे १०,००० वजा होऊन २३,००० उरतात. त्यातून अनुवादकाचं मानधन, संपादन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, टपाल, साठवण. आता ६०० प्रतीच विकल्या गेल्या असं धरा. आले ३३,०००, छपाईचे २२,००० तसेच राहिले, रॉयल्टी ६,०००. हातात ५,०००. अनुवादकाचं मानधन १२,००० असेल तर तिथेच ७,००० कमी पडले. तुमच्या व्यवहारात आकडे वेगळे असतील, पण अंगावर येते ती छपाईची स्थिर रक्कम, हे बदलत नाही. म्हणून पहिली आवृत्ती लहान ठेवा, प्रतीमागे खर्च थोडा वाढला तरी.

ही तूट भरून काढायला अनुवाद-अनुदानं आहेत. नॉर्वेची नोर्ला, फिनलंडची फिली, पोलिश बुक इन्स्टिट्यूट, कोरियाची एलटीआय कोरिया, जर्मनसाठी गोएथे इन्स्टिट्यूट, डच साहित्यासाठी तिथला साहित्यनिधी अशा संस्था आपल्या भाषेतलं साहित्य बाहेर जावं म्हणून परदेशी प्रकाशकांना मदत करतात. बहुतेक ठिकाणी हक्कांचा करार आणि अनुवादकाशी केलेला करार, दोन्ही अर्जासोबत जोडावे लागतात. अर्ज पुस्तक निघण्याआधी पोचायला हवा. बऱ्याच वेळा पैसे पुस्तक प्रसिद्ध होऊन प्रती पोचल्यावर येतात, त्यामुळे मधल्या काळाची सोय तुमची तुम्हाला करावी लागते. आणि अनुदान मिळतं म्हणून पुस्तक निवडू नका. न आवडलेलं पुस्तक विकताना आवाजात ते कळतं.

पहिली काही वर्षं यावर घर चालेल, असं धरू नका. संपादन, मुद्रितशोधन, शिकवणं असं दुसरं उत्पन्न सुरू ठेवा आणि वर्षाला दोन पुस्तकांवर थांबा.

६. संपादन : जिथे पुस्तक घडतं

दोन वाचनं, शक्यतो दोन माणसांकडून. एकाने मूळ शेजारी ठेवून ओळ-ओळ ताडायचं. दुसऱ्याने मूळ न पाहता, पहिल्यांदा हाती आलेलं पुस्तक वाचावं तसं वाचायचं. दोघांच्या खुणा जिथे एकमेकींवर पडतात तिथे अनुवादकासोबत बसायचं.

एक प्रसंग सांगते. तुर्कीतली एक कथा आमच्याकडे आली. तुर्कीत 'तो' आणि 'ती' यांना एकच सर्वनाम आहे आणि क्रियापदही लिंग सांगत नाही. कथा प्रथमपुरुषी होती आणि निवेदक बाई आहे की पुरुष, हे शेवटच्या पानापर्यंत कळू नये यावरच तिची उभारणी. मराठी खर्ड्याचं पहिलं वाक्य होतं, "मी स्टेशनवर पोचलो तेव्हा पाऊस थांबला होता." त्या एका 'लो'ने कथा संपवली होती.

अनुवादिका आणि मी तीन दुपारी बसलो. सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ आपल्याकडे कर्माप्रमाणे चालतो, हे व्याकरण शाळेत शिकलो होतो; ते इथे कामाला आलं. "मी स्टेशन गाठलं." लिंग गेलं. "मी म्हणालो"च्या जागी "मी म्हटलं". "मी हसलो"ऐवजी "मला हसू आलं". "मी दमलो होतो" याचं "अंगात त्राण उरलं नव्हतं". चार पानं अशी सहज उलगडली. पाचव्या पानावर वाक्यं आखडायला लागली, कारण निवेदक सारखा ये-जा करत होता आणि 'येणं-जाणं' अकर्मक. तिथे अनुवादिकेने 'पावलं वळली', 'रस्ता धरला', 'घर मागे पडलं' अशी वाक्यं आणली आणि कथेला मुळातही असावी अशी एक चाल मिळाली. हे कुठल्याही अंदाजपत्रकात धरलेलं नव्हतं. अनुवादिकेला घाई केली असती, तर ती कथा आमच्या हातून मेली असती.

अशीच नजर संबोधनांवर ठेवा. फ्रेंचमध्ये कोण कोणाला एकेरी बोलतं आणि ते कोणत्या पानावर बदलतं, यात नातं सांगितलेलं असतं. इंग्रजीतून आलेल्या अनुवादात ते पुसलेलं असतं. तू-तुम्हीचा तक्ता करा आणि मूळ भाषा वाचणाऱ्याकडून भरून घ्या. विशेषनामांचाही तक्ता हवा. पोलंडमधल्या एका शहराचं नाव रोमन लिपीत पाहून 'लोड्झ' लिहिलं जातं. उच्चार 'वूच'च्या जवळचा आहे. तळटीपा मी कमीत कमी ठेवते. पदार्थाचं नाव, सणाचं नाव वाचकाला संदर्भाने कळतं. न कळलं तरी परक्या घरात पाऊल ठेवल्याची ती जाणीव असू द्यावी.

७. छपाई

कमी प्रतींसाठी डिजिटल, संख्या वाढली की ऑफसेट. ऑफसेटला फर्म्याचं गणित सांभाळा : एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेला पानांचा गठ्ठा म्हणजे फर्मा; तो १६ पानांचा धरला तर २७२ पानं म्हणजे १७ फर्मे, आणि २७३वं पान म्हणजे अठरावा. एका परिच्छेदाची जुळणी आवळून तो वाचवता येतो. ई-पुस्तकाला वेगळा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख-क्रमांक, घ्या. कॉपीराइटच्या पानावर मूळ शीर्षक, मूळ वर्ष, हक्कधारक आणि अनुदान देणाऱ्या संस्थेने सांगितलेला मजकूर अक्षरशः तसाच जायला हवा; छपाईला देण्याआधी ते पान सगळ्यांना पाठवून होकार मिळवा.

मुखपृष्ठांना एक घराणं असू द्या. फिट्झकाराल्डोने कथात्म पुस्तकांना साधं निळं आणि निबंधांना पांढरं मुखपृष्ठ ठेवलं, चित्राशिवाय. खर्च कमी, आणि लेखक अनोळखी असला तरी वाचक प्रकाशन ओळखतो.

८. वाचकापर्यंत

अनोळखी नावाच्या परक्या लेखकाला जाहिरात फारशी उपयोगी पडत नाही. त्याच्यासाठी बोलणारी माणसं लागतात, आणि त्यात पहिला अनुवादक. लेखक दूर असतो, अनुवादक इथे असतो आणि त्या पुस्तकात वर्षभर राहिलेला असतो. वाचनगटांत, महाविद्यालयांत, ग्रंथालयांत त्याला न्या आणि त्या वेळेचं मानधन द्या. परीक्षकांना आणि चांगल्या पुस्तकविक्रेत्यांना पुस्तक निघण्याच्या दोन महिने आधी मुद्रितं (छपाईपूर्वीच्या तपासणीच्या प्रती) पाठवा, सोबत हाताने लिहिलेल्या चार ओळी.

वर्गणीचा मार्ग नक्की करून पाहा. ब्रिटनमधल्या अँड अदर स्टोरीज या प्रकाशनाचे वाचक आगाऊ वर्गणी भरतात आणि पुस्तकात त्यांची नावं छापली जातात. बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांचा दीपा भस्ती यांनी केलेला इंग्रजी अनुवाद त्यांनीच काढला, आणि २०२५चं इंटरनॅशनल बुकर त्याला मिळालं. गीतांजली श्री यांच्या हिंदी कादंबरीचा डेझी रॉकवेल यांनी केलेला अनुवाद २०२२ साली जिंकला, तोही टिल्टेड ॲक्सिस या लहानशा प्रकाशनाचा होता; ते डेबोरा स्मिथ या अनुवादिकेने सुरू केलं. शंभर वर्गणीदार जमले तरी पुढच्या पुस्तकाची आगाऊ रक्कम हातात येते, आणि कोणासाठी काढतोय ते चेहऱ्याने माहीत असतं.

९. पुस्तक आल्यानंतरचा आठवडा

पहिल्या प्रती बांधणीतून आल्या की अनुवादकाच्या प्रती त्याच दिवशी पोचवा. लेखकाच्या आणि अनुदान देणाऱ्या संस्थेच्या प्रती करारात असतील तेवढ्या मोजून पाठवा आणि टपालाची पावती जपून ठेवा. अनुदानाचा हप्ता तिच्यावर अडलेला असतो. मग रॉयल्टीच्या हिशोबाची तारीख नोंदवा. त्या तारखेला विवरण पाठवायचंच : किती छापल्या, किती विकल्या, किती परत आल्या, आगाऊ रकमेतून किती वळते झाले. विक्री अगदी थोडी असली, देणं शून्य असलं, तरी पाठवायचं. माझ्या पहिल्या पुस्तकाचं पहिलं विवरण २१४ प्रतींचं होतं. ते वेळेवर पोचल्यावर त्याच एजंटकडून, ज्यांनी पहिल्या पत्राला तीन महिने घेतले होते, चार दिवसांत उत्तर आलं. सोबत आणखी दोन पुस्तकांच्या संहिता होत्या, अजून कोणाला न दाखवलेल्या. मी त्या आधी अनुवादिकेकडे पाठवल्या.